केविन कॉइन

केविन कॉइन (२७ जानेवारी १९४४, डर्बी, इंग्लंड – २ डिसेंबर २००४, न्युर्नबर्ग, जर्मनी) हे इंग्लिश गायक, गीतकार, गिटारवादक, चित्रकार आणि लेखक होते. अमेरिकन ब्लूज संगीताच्या पायावर उभी असलेली त्यांची गाणी मनोरुग्ण, एकाकी वृद्ध, व्यसनाधीन अशा समाजाच्या कडेला पडलेल्या माणसांविषयी आहेत. अनेकदा ती त्या माणसांच्याच तोंडी घातलेली आहेत. तीसहून अधिक अल्बम नावावर असूनही त्यांना मोठे व्यावसायिक यश लाभले नाही. समीक्षक आणि सहकलावंतांमध्ये मात्र त्यांचा लौकिक कायम राहिला.

प्रारंभिक जीवन

कॉइन यांचे शिक्षण डर्बीच्या कलाविद्यालयात झाले. तेथे त्यांनी ग्राफिक कला आणि चित्रकला यांचा अभ्यास केला. साठच्या दशकातील अनेक ब्रिटिश संगीतकारांप्रमाणे त्यांनाही अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या ध्वनिमुद्रिकांनी झपाटले होते.

त्यांच्या पुढील लेखनाचे मूळ मात्र कलाविद्यालयात नाही. १९६५ ते १९६८ या काळात त्यांनी लँकेशायरमधील प्रेस्टन शहराजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारक व सामाजिक उपचारक म्हणून काम केले. हे ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक होते. तेथील रुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीची पुढे सरकारी चौकशी झाली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर कॉइन लंडनला आले आणि सोहो भागात व्यसनाधीन व्यक्तींसाठी चालणाऱ्या एका प्रकल्पात काम करू लागले. संगीत हा या काळात त्यांचा जोडव्यवसायच होता.

सायरन आणि ‘केस हिस्टरी’

डेव्ह क्लेग आणि निक कडवर्थ यांच्यासोबत कॉइन यांनी सायरन हा ब्लूज गट स्थापन केला. रेडिओ निवेदक जॉन पील यांनी सुरू केलेल्या डँडेलियन या छोट्या स्वतंत्र कंपनीने गटाचे दोन अल्बम काढले: ‘सायरन’ (१९६९) आणि ‘स्ट्रेंज लोकोमोशन’ (१९७१). १९७२ मध्ये ‘केस हिस्टरी’ हा त्यांचा पहिला एकल अल्बम आला. शीर्षकातील ‘रुग्णेतिहास’ हा अर्थ शब्दशः घ्यावा असाच आहे. बहुतांशी एकटा आवाज आणि एक गिटार एवढ्याच साधनांवर कॉइन येथे रुग्णालयात पाहिलेली माणसे उभी करतात. डँडेलियन त्याच सुमारास बंद पडल्याने हा अल्बम फारशा लोकांपर्यंत पोहोचला नाही.

जिम मॉरिसन यांच्या मृत्यूनंतर ‘द डोअर्स’ या अमेरिकन गटात त्यांच्या जागी गाण्याविषयी कॉइन यांना विचारणा झाली आणि त्यांनी नकार दिला, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. तो खरा असो वा नसो, कॉइन यांच्या वृत्तीशी तो जुळणारा आहे.

व्हर्जिनचा काळ

१९७३ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या व्हर्जिन रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी आलेला ‘मार्जरी रेझरब्लेड’ हा दुहेरी अल्बम त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानला जातो. त्यातील ‘हाउस ऑन द हिल’ हे गाणे मनोरुग्णालयातील रुग्णाच्या दृष्टीतून लिहिलेले आहे. गाणारा रुग्णाकडे बाहेरून पाहत नाही. त्याची कीव करत नाही आणि त्याला शहाणपणाचे प्रतीकही बनवत नाही. याउलट ‘ईस्टबोर्न लेडीज’ हे गाणे समुद्रकिनाऱ्यावरील एका प्रतिष्ठित गावाची बोचरी थट्टा करते.

कॉइन यांच्या गिटारवादनाची पद्धत वेगळी होती. ते वाद्य अशा रीतीने जुळवत, की मोकळ्या तारा छेडल्या तरी एक पूर्ण कॉर्ड वाजावी. मग गळ्यावरून अंगठा आडवा दाबून कॉर्ड बदलत. त्यामुळे वादनात गुंतागुंत कमी आणि ठेका ठाम राही, आणि लक्ष आवाजाकडे जाई. हा आवाज खरखरीत होता. तो कधी पुटपुटे, कधी किंचाळे. अनेक शब्द तर ध्वनिमुद्रणाच्या वेळीच सुचत.

‘मॅचिंग हेड अँड फीट’ (१९७५) या अल्बमच्या काळात त्यांच्या साथीला अँडी समर्स होते, जे नंतर ‘द पोलीस’ या गटाचे गिटारवादक म्हणून जगप्रसिद्ध झाले. पंक संगीताच्या लाटेत जुन्या पिढीचे बहुतेक गायक टाकाऊ ठरले असताना, ‘सेक्स पिस्टल्स’चे जॉन लायडन यांनी १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीची गाणी ऐकवताना ‘ईस्टबोर्न लेडीज’ची निवड केली.

१९७९ चा ‘बॅबल’ हा जर्मन गायिका डागमार क्राउसे यांच्यासह केलेला अल्बम एका विध्वंसक प्रेमसंबंधाचे चित्रण करतो. त्यातील जोडपे साठच्या दशकातील कुख्यात बालहत्याकांडातील गुन्हेगारांवर बेतले असावे, अशी चर्चा वृत्तपत्रांत झाली आणि रंगमंचीय प्रयोगाला विरोध झाला. माणसाला समजून घेणे म्हणजे त्याच्या कृत्याचे समर्थन करणे नव्हे, हा भेद अशा गदारोळात टिकत नाही. ‘सॅनिटी स्टॉम्प’नंतर (१९८०) व्हर्जिनशी असलेले संबंध संपले, आणि पुढचे अल्बम चेरी रेड या स्वतंत्र कंपनीकडून आले.

जर्मनीतील वर्षे

ज्या मानसिक कोसळण्याविषयी कॉइन यांनी इतके गायले, ते ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्याच वाट्याला आले. मद्यपानही वाढले होते. १९८५ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडले व ते जर्मनीतील न्युर्नबर्ग येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी दारू सोडली, पॅराडाइज बँड हा नवा गट बांधला आणि चित्रकला पुन्हा हाती घेतली. चित्रप्रदर्शने, कथासंग्रह आणि अल्बम असा त्रिविध उद्योग पुढे चालू राहिला. ‘शुगर कँडी टॅक्सी’ (१९९९) आणि ‘रूम फुल ऑफ फूल्स’ (२०००) हे या काळातील दमदार अल्बम होत. पुत्र रॉबर्ट यांनीही त्यांच्यासोबत संगीत केले. अखेरच्या वर्षांत काही ध्वनिमुद्रणे त्यांनी टर्पेंटाइन या स्वतःच्या लेबलखाली काढली.

२००२ मध्ये त्यांना फुप्फुसाच्या तंतुमयतेचे निदान झाले. श्वास हेच ज्याचे साधन, अशा गायकाला हा विकार जडूनही त्यांनी गाणे थांबवले नाही. ‘डोनट सिटी’ हा अल्बम २००४ मध्ये आला आणि त्याच वर्षी न्युर्नबर्ग येथे त्यांचे निधन झाले. शिकागो येथे जॉन लँगफर्ड यांच्यासह केलेले ध्वनिमुद्रण ‘वन डे इन शिकागो’ या नावाने मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. २०१० च्या सुमारास अमेरिकन गायक विल ओल्डहॅम यांनी आपल्या साथीदारांसह ‘बॅबल’मधील गाणी पुन्हा मंचावर आणली.