कॉफीच्या बियांवरील चिकट थर

कॉफीचा पेला ओठांशी नेताना, तिची बी एके काळी चिकट गराने माखलेली होती, हे आपल्या मनातही येत नाही. कोडगू आणि चिकमगळूर येथील मळ्यांत पिकलेली फळे खुडून यंत्रात घातली, की त्यांची साल निघते; परंतु आतील कडक टरफलावर एक बुळबुळीत थर उरतोच. केवळ पाण्याने तो सुटत नाही, कारण त्याला पेक्टिनने धरून ठेवलेले असते. घरी केलेली पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट बसते, तेच हे पेक्टिन.

म्हणून या बिया हौदात ठेवतात. फळांवरील यीस्ट व जीवाणू तेथे वाढू लागतात आणि पेक्टिनेझ नावाची विकरे बाहेर टाकतात. विकर हा सजीव नव्हे. ते एक प्रथिन आहे. पेक्टिनची लांबलचक साखळी ते जागोजागी तोडते. मग थर सैल पडून धुतला जातो. अरेबिका जातीला यासाठी साधारणतः २४ ते ३६ तास लागतात, थंडी पडली तर अधिकच. मूठभर बिया चोळून पाहावयाच्या. खड्यांसारख्या खरखरीत लागल्या की त्या लगेच धुवावयाच्या. येथे हयगय झाली तर बियांना असा कुजकट वास लागतो, की तो भाजूनही जात नाही. वर्षभराचे श्रम एका रात्रीत मातीमोल होतात!

मग जीवाणूंच्या मर्जीवर का राहावे? आस्पर्जिलस नायजर ही बुरशी कारखान्यात वाढवून तिच्यापासून पेक्टिनेझ मिळवितात. १९३० च्या सुमारास अमेरिकेत व जर्मनीत सफरचंदाचा रस नितळ करण्यासाठी पेक्टिनेझ वापरात आले. तेच हौदात मिसळले, तर थर काही तासांतच सुटतो. बुरशीचे द्रव्य पोटात जाईल, ही भीती मला अनाठायी वाटते; ते धुण्यात जाते, आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास बी भाजली जात असता विकराचे कार्य टिकत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. थर घासून काढणारी यंत्रेही आता आहेत.

तथापि सुटलेला गर जातो कोठे? धुण्याच्या पाण्यात. तो कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवितो आणि मासे गुदमरतात. कावेरी कोडगूतच उगम पावते. तेव्हा ते पाणी चुन्याने आंबटपणा घालवून, तळ्यांत साठवून शुद्ध करावे लागते. हे काम पेक्टिनेझ करीत नाही.