‘मिसरूड’, ‘लव’ आणि ‘मिशी’ : किशोरींच्या अंगावरील केसांचा प्रश्न

वयात येणाऱ्या मुलाच्या ओठावर केसांची पहिली रेघ उमटली, की त्याला ‘मिसरूड फुटले’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगात कौतुक आहे. मुलीच्या ओठावर तशीच रेघ दिसू लागली, तर त्या अवस्थेला मराठीत कौतुकाचे नाव नाही; उरतो तो ‘मिशी’ हा पुरुषाकडे बोट दाखविणारा शब्द, आणि मुलीला लावताच त्याची चेष्टा होते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या वसतिगृहांत मुली वर्षाचा बहुतेक काळ एकमेकींच्या नजरेसमोर राहतात. तेथे अशी चेष्टा चुकविणे कठीण असते. म्हणून मुलीस साहाय्य करू इच्छिणाऱ्या आईस वा अधीक्षिकेस प्रथम शब्दांचा प्रश्न सोडवावा लागतो; उपायांचा विचार त्यानंतर करावयाचा.

या केसांविषयीची नावड सर्वकालीन आहे, असे मानावयास आधार नाही. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या नवयौवनाच्या वर्णनात नाभीकडे जाणाऱ्या कोवळ्या रोमरेषेचा समावेश सौंदर्यचिन्हांत केलेला आहे. संस्कृत काव्यात ‘रोमराजी’ आणि ‘रोमावली’ हे शब्द त्यामुळेच रूढ झाले. उलट, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधूच्या निवडीचे नियम सांगताना अतिलोम कन्या वर्ज्य ठरविली आहे. अंगावर मुळीच लोम नसलेलीही वर्ज्यच आहे. देहधर्म एकच, कवीने त्यात शोभा पाहिली, स्मृतिकाराने विवाहातील दोष पाहिला. म्हणजे मुलीला जी लाज वाटते, तिचा उगम देहाइतकाच समाजाच्या दृष्टीत आहे.

संस्कृतात डोक्यावरचे ते ‘केश’, अंगावरचे ते ‘रोम’ वा ‘लोम’, आणि पुरुषाच्या मुखावरचे ते ‘श्मश्रू’ असा भेद होता. मराठीत ‘केस’ हा एकच शब्द सर्वत्र चालतो. तथापि एक उपयुक्त भेद मराठीने राखलेला आहे : ‘लव’ आणि ‘राठ केस’. शरीरशास्त्रातील भेदाशी तो चांगला जुळतो. जवळजवळ सर्व अंगावर मऊ, आखूड, फिकट लव असते. वयात येताना अधिवृक्क ग्रंथी आणि बीजांडकोश यांतून निघणाऱ्या अँड्रोजेन संप्रेरकांमुळे काख, जांघ इत्यादी ठिकाणच्या लवेचे राठ, काळ्या केसांत रूपांतर होते. हातपाय व ओठ यांवरील केसांचे प्रमाण बव्हंशी आनुवंशिक असते. ‘तुझी लव राठ होऊ लागली आहे, वयात येताना असे होते,’ हे वाक्य मुलीला वस्तुस्थिती सांगते. ‘तुला मिशी आली,’ हे वाक्य निवाडा देते.

या प्रदेशात आणखी एक अडचण आहे. मुलीच्या घरी झाडीबोली, गोंडी, माडिया किंवा सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते. शाळेत प्रमाण मराठी, आणि दवाखान्यात इंग्रजी संज्ञा. तीन पायऱ्या चढून आपले गाऱ्हाणे सांगण्यापेक्षा मुलगी गप्प राहणे पसंत करते. या मौनाची किंमत मोठी आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तशी तपासणी झालेल्या मात्र सुमारे 8 टक्केच होत्या. पुढे त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने किशोरवयीनांसाठी ‘तारुण्यभान’ हा उपक्रम चालविला. म्हणून ‘घरी याला काय म्हणतात?’ असे मुलीलाच विचारून तिच्याच शब्दाने बोलणे सुरू करणे श्रेयस्कर होय.

आता उपायांविषयी. काहीच न करणे हाही एक रास्त पर्याय आहे, आणि निवड मुलीची असावी. केस काढावयाचे असल्यास कात्रीने कापणे सर्वांत निर्धोक. वस्तऱ्याने वा रेझरने काढल्यास केस अधिक दाट येतात, ही समजूत चुकीची आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने 1928 सालीच ती तपासून खोटी ठरविली. कापलेले टोक बोथट असल्याने केस केवळ खरखरीत लागतो. वसतिगृहात एकच पाते अनेकींनी वापरणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यातून रक्तावाटे संसर्ग पसरू शकतो. दोऱ्याने वा मेणाने केस उपटल्यास ते उशिरा उगवतात, पण पुळ्या येण्याचा संभव असतो. केस काढण्याचे मलम आधी हातावर थोडेसे लावून पाहावे. हळद व डाळीचे पीठ चोळल्याने केसांची वाढ कायमची थांबत नाही. जोराने चोळल्यास त्वचा मात्र सोलवटते.

काही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. हनुवटी, छाती व पोट यांवर राठ केस भराभर वाढणे, आवाज घोगरा होणे, मुरमे फार येणे, किंवा पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही दोन पाळ्यांत 45 दिवसांहून अधिक अंतर पडत राहणे, ही ती लक्षणे होत. त्यांमागे बहुधा बीजांडकोशाचा पीसीओएस हा विकार असतो, क्वचित अधिवृक्क ग्रंथीचा. राठ केसांचे प्रमाण मोजण्याची पद्धत फेरिमन व गॅलवे यांनी 1961 साली मांडली. तीत शरीराच्या प्रत्येक भागास गुण देतात, व किती गुण अधिक मानावयाचे हे वंशपरत्वे बदलते. अंगभर मऊ लवच वाढलेली असेल आणि मुलगी फार कृश असेल, तर कुपोषणाचाही विचार करावा.

ही लक्षणे डॉक्टरांपर्यंत पोहोचावयाची, तर मुलीने ती आधी कोणास तरी सांगितली पाहिजेत. जिला ‘मिशी’ म्हणून हिणविले आहे, ती हनुवटीवरचे केस लपवील आणि चुकलेली पाळीही लपवील. ‘लव’ हा शब्द तिला बोलते करू शकतो, आणि वेळीच उपचार मिळण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.