तिन्यानेल्लो आणि द्राक्षारिष्ट : संधानकल्पनेच्या दृष्टीने एका लाल वाईनचा विचार

‘वैद्यराज, द्राक्षासव म्हणजे आपली देशी वाईनच ना?’ हा प्रश्न रुग्णाने विचारला तर आपण हसून विषय बदलतो. परंतु हेच विधान औषधविक्रेता ग्राहकास खात्रीने सांगू लागतो, किंवा एखादा व्यवसायबंधू ‘हृद्य’ म्हणून रोज पेलाभर लाल वाईन घेण्याचा सल्ला देतो, तेव्हा हसून भागत नाही. दोन्ही प्रकार आमच्या कानी आले आहेत. म्हणून एक उत्तम प्रतीची लाल वाईन घेऊन तिचे संधान आणि शार्ङ्गधरोक्त द्राक्षारिष्टाचे संधान शेजारी ठेवून पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

इटलीतील फ्लोरेन्स नगराच्या दक्षिणेस कियांती क्लासिको हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे आंतिनोरी घराण्याच्या मालकीचा तिन्यानेल्लो नावाचा मळा असून त्यातील वाईनही त्याच नावाने ओळखली जाते. वेली टेकडीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० ते ४०० मीटर उंचीवर आहेत. जमीन चुनखडीयुक्त व खडकाळ. तेथील पांढरे दगड फोडून वेलींच्या मुळाशी पसरतात, म्हणजे सूर्यप्रकाश खालून परावर्तित होऊन घडांना मिळतो. द्रव्याच्या गुणांत देश आणि भूमी यांचा वाटा किती, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. मात्र वनस्पतीची भूमी पाहून खरेदी करणाऱ्या औषधनिर्मात्या आपल्यात किती उरल्या आहेत, हा प्रश्न मनात येतोच.

या वाईनचा पाठही बोधप्रद आहे. कियांतीच्या त्या काळच्या नियमांनुसार सांजोवेसे या काळ्या द्राक्षात पांढरी द्राक्षे मिसळणे आवश्यक होते. १९७१च्या हंगामापासून आंतिनोरींनी कियांती हे नाव सोडले आणि आपली वाईन साधी ‘मेजावरची वाईन’ म्हणून विकली. १९७५पासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली. १९८२पासून सुमारे ८० भाग सांजोवेसे, १५ भाग काबर्ने सोव्हिन्यों आणि ५ भाग काबर्ने फ्रां हे प्रमाण स्थिर झाले. पाठभेदाचे वाद केवळ आपल्याकडेच होतात असे नाही! पण तेथे पाठ बदलण्याचा निकष रसना होता. आपल्या पाठात फेरफार केल्यास परिणाम रुग्णास भोगावा लागतो.

प्रत्येक जातीचे संधान स्वतंत्रपणे होते. सांजोवेसे आम्लता देते, काबर्ने सोव्हिन्यों गडद वर्ण व कषायता, तर काबर्ने फ्रां सुगंध. ताजी द्राक्षे चुरडून सालींसह आंबवितात. लाल रंग आणि कषाय द्रव्ये मुख्यतः सालीतून उतरतात. नंतर तीव्र मॅलिक आम्लाचे जीवाणूंच्या साहाय्याने सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते. मग ओकच्या पिंपांत वर्षाहून अधिक काळ मुरवून मिश्रण करतात. बाहेरून साखर घालीत नाहीत. द्राक्षातील शर्करा जवळजवळ संपेपर्यंत संधान चालते, म्हणून मद्यार्क सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जातो आणि गोडवा राहत नाही.

आता शार्ङ्गधरसंहितेतील द्राक्षारिष्ट पाहू. द्राक्षा ५० पल, जल दोन द्रोण, चतुर्थांश उरवून क्वाथ, त्यात गुड दोन तुला म्हणजे २०० पल. प्रक्षेपासाठी त्वक्, एला, पत्र, नागकेशर, प्रियंगु, मरिच, पिप्पली व विडंग प्रत्येकी एक पल. येथे गुड द्राक्षांच्या चौपट आहे! म्हणजे मद्यार्क उत्पन्न होतो तो प्रामुख्याने गुडापासून. द्रवद्वैगुण्य धरले तरी क्वाथ सुमारे २५६ पलच भरतो, आणि इतक्या गोड द्रवात किण्वांचे कार्य पूर्ण होण्यापूर्वीच मंदावते. त्यामुळे सिद्ध कल्पात मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो व शर्करा बरीच शिल्लक राहते. शिवाय क्वाथ उकळलेला असल्याने द्राक्षावरील नैसर्गिक किण्व नष्ट झालेले असते. ताज्या द्राक्षाच्या वाईनमध्ये ही अडचण नसते. आपल्याकडे किण्व प्रक्षेपातून, गुडातून किंवा भांड्यातून यावे लागते. अनेक निर्माते धातकीपुष्पे योजतात ती यासाठीच. एक घाणा उत्तम उतरला आणि दुसरा आंबट झाला, याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते. तेथील वाईनगृहात संधानाचे तापमान, आम्लता आणि शर्करा यांची वारंवार मोजणी होते. आपल्या औषधनिर्मात्यांनी घ्यावयाचे ते एवढेच.

मात्रेचा हिशेबही करावा. १४ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मि.लि. पेल्यात सुमारे १६.५ ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्क्यांचे द्राक्षारिष्ट ३० मि.लि. मात्रेने दोन वेळा दिले तरी दिवसाकाठी चार ग्रॅमच्या आत राहते. वाईनमध्ये मद्यार्क हेच प्रधान द्रव्य आहे. अरिष्टात तो द्रव्यांचे गुण उतरविणारा, टिकविणारा आणि शरीरात शीघ्र नेणारा वाहक आहे.

वाग्भटांनी मार्द्वीक मद्यास हृद्य म्हटले आहे आणि सुश्रुतांनी ते रक्तपित्तातही निषिद्ध मानलेले नाही, असा आक्षेप येईल. चरकांच्या ८४ आसवयोनींतही फलासवांच्या आरंभी मृद्वीका आहे. परंतु त्याच चरकांनी मदात्ययचिकित्सेत मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांविरुद्ध सांगितले आहेत. हृद्य म्हणजे हृदयधमनीच्या रोगावरील औषध, असा अर्थ काढणे आम्हास ग्राह्य वाटत नाही. १९९०च्या दशकात ‘फ्रेंच विरोधाभासा’चा गाजावाजा झाला, मात्र ज्या रेस्व्हेराट्रॉलचे नाव घेतले जाते ते लिटरभर लाल वाईनमध्ये काही मिलिग्रॅमच असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले आहे.

म्हणून रुग्णास वाईन सुचवू नये. द्राक्षारिष्टही सरसकट देऊ नये. मधुमेहात शिल्लक गुड विचारात घ्यावा. यकृद्विकार, गर्भावस्था, मेट्रोनिडाझोल चालू असलेले रुग्ण, आणि विशेषतः मद्य सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणारे रुग्ण यांना आसवारिष्टे टाळावीत. तेथे काळ्या मनुकांचा ताजा क्वाथ अथवा फांट आम्ही देतो. विक्रेत्यांनीही तीच बाटली वारंवार, मोठ्या संख्येने नेणाऱ्या ग्राहकाची चौकशी करावी.