दोन जिवांसाठी एक सुई

मृग नक्षत्र जवळ आले की आमच्या घराघरांतून आगोटीची लगबग सुरू होते. कुठे कौले शाकारली जातात, कुठे सरपण आत घेतले जाते. खारवलेली मासळी, सोले आणि कडधान्ये डब्यांत भरली जातात. येणाऱ्या चार महिन्यांचा विचार आधीच करून ठेवण्याची ही रीत आमच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु घरात गर्भवती स्त्री असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर तिला फ्ल्यूची लस टोचून घ्यावी, हे सुशिक्षित घरांतूनही क्वचितच कोणास सुचते. ते का सुचत नाही आणि सुचविण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार आज करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्ल्यू म्हणजे थोडे मोठे पडसे, आल्याचा काढा आणि चार दिवस पेज घेतली की उतरणारे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धडधाकट माणसाच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही ठरते. गर्भवतीची गोष्ट वेगळी. गर्भ वाढू लागला की श्वासपटल वर ढकलले जाते, फुफ्फुसांना पसरण्यास जागा कमी उरते, हृदयावरील भार वाढतो आणि शरीराची प्रतिकारशक्तीही आपली नेहमीची रीत बदलते. अशा अवस्थेत साधा फ्ल्यू न्यूमोनियाचे रूप घेण्याचा संभव वाढतो. आईचा श्वास कोंडला की गर्भाचाही कोंडतो, हे सांगावयास वैद्यकशास्त्राची गरज नाही.

इतिहासाने याची साक्ष पुनःपुन्हा दिली आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून देशात शिरलेली, जुन्या पिढीने ‘मानमोडी’ म्हणून ओळखलेली साथ हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. त्याच साथीत अमेरिकेत सुमारे साडेतेराशे गर्भवती रुग्णांची नोंद अभ्यासली गेली, तेव्हा त्यांपैकी २७ टक्के दगावल्याचे आढळले. १९५७च्या साथीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात प्रजननक्षम वयाच्या ज्या स्त्रिया फ्ल्यूने मृत्यू पावल्या, त्यांतील निम्म्या गर्भवती होत्या. २००९ साली ‘स्वाइन फ्ल्यू’ आला. त्या वेळी अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण सुमारे एक टक्का होते, मृतांमध्ये मात्र ते सुमारे पाच टक्के भरले. शंभर वर्षांत औषधे बदलली, इस्पितळे सुधारली, तरी या रोगाने गर्भवतीला वेगळे काढण्याचे सोडलेले नाही.

असे असता लसीचे नाव काढताच घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात, ‘पोटात बाळ असताना नको ती सुई.’ या उद्गाराला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस युरोपात मळमळीवर गर्भवतींना दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बालके अपंग जन्मास आली. तेव्हापासून गर्भारपणात औषध देताना दहा वेळा विचार करावा, हा धडा सारे जग शिकले आणि तो योग्यच होता. परंतु सावधगिरी म्हणजे प्रत्येक वेळी ‘नको’ म्हणणे नव्हे. घेतल्याने काय होईल याबरोबरच न घेतल्याने काय होईल, हाही प्रश्न तिने विचारला पाहिजे. गर्भवतीस टोचावयाच्या लसीतील विषाणू मारलेला असतो. तो शरीरात वाढू शकत नाही आणि त्यापासून फ्ल्यू होऊ शकत नाही. नाकात फवारावयाची जिवंत विषाणूची लस वेगळी. ती गर्भवतीस देत नाहीत. अमेरिकेत १९६० पासून गर्भवतींना या लसीची शिफारस केली जात आहे आणि लक्षावधी मातांनी ती आजवर घेतली आहे. दंड दुखणे, अंग थोडे कसकसणे, एखाद्या दिवसाचा ताप, एवढाच बहुतेकींचा अनुभव. पूर्वी एखाद्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ते मात्र डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे.

या लसीचा दुसरा लाभ तर आम्हांस पहिल्याहूनही मोलाचा वाटतो. सहा महिन्यांखालील बाळाला फ्ल्यूची लस देता येत नाही. आणि हा रोग ज्यांना फार जड जातो, त्यांत ही तान्ही बाळे येतात. आईने गर्भारपणी लस घेतली, तर तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याची राखण करतात. बांगलादेशात ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्ल्यूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांत खात्रीने निदान झालेला फ्ल्यू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या बाळासाठी आजी सुई नको म्हणते, त्याच बाळाला ती सुई हवी आहे!

ही लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विषाणू रूपे बदलतो, म्हणून लसही दरवर्षी बदलते आणि नव्याने घ्यावी लागते. लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही आजार टळण्याचे प्रमाण साधारणतः चाळीस ते साठ टक्केच असते. तिचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच पावसाबरोबर फ्ल्यू वाढणाऱ्या आपल्या किनारपट्टीवर ती पाऊस सुरू होण्यापूर्वी घेणे इष्ट. आणि लस घेतलेली असो वा नसो, गर्भवतीला ताप, खोकला व धाप यांची चाहूल लागताच काढ्यावर दिवस न काढता डॉक्टरांकडे नेले पाहिजे. फ्ल्यूवरील औषध पहिल्या दोन दिवसांत दिले तरच पुरते उपयोगी पडते.

आता जबाबदारीचा प्रश्न. धनुर्वाताचे इंजेक्शन आमच्या आयाबहिणी वर्षानुवर्षे निमूटपणे घेत आल्या. ते सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते आणि नर्सबाई ते हक्काने घ्यावयास सांगतात, म्हणून. त्याच बळावर २०१५ साली माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. फ्ल्यूच्या लसीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ सालीच गर्भवतींना अग्रक्रम दिला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा सल्लाही त्यांनी ती घ्यावी असाच आहे. परंतु राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिला अद्याप स्थान नाही. सल्ला एका कागदावर आणि लस खासगी दवाखान्यात पदरमोड करून, ही स्थिती मजुरी करणाऱ्या गर्भवतीच्या काय कामाची? महाराष्ट्राने २०१५ पासून गर्भवतींना ही लस मोफत देण्यास आरंभ केला. गोव्यात जवळजवळ सर्व बाळंतपणे इस्पितळांत होतात. म्हणजे प्रत्येक गर्भवती कोणा ना कोणा डॉक्टरांसमोर येऊन बसतेच. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या या भूमीत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही लस धनुर्वाताच्या इंजेक्शनाइतक्याच सहजतेने मिळणे मुळीच अवघड नसावे.

आणि डॉक्टरांनीही मौन सोडावे. गर्भवती लस घेते की नाही, हे मुख्यतः तिच्या डॉक्टरांच्या एका शब्दावर ठरते, असा जगभरचा अनुभव आहे. तो शब्द विचारल्याशिवाय उच्चारला गेला पाहिजे. डोहाळजेवणाचा दिवस आम्ही पंचांग पाहून ठरवतो. आगोटीच्या बेगमीत या सुईसाठी एक सकाळ राखून ठेवणे आम्हांस जड जाऊ नये.