पहिली खाच

संपादकांनी विषय दिला होता अमेरिकेतल्या मोठ्या माणसांच्या छंदांचा. त्यासाठी मिशिगनमधल्या माझ्या भाच्यानं मला एका स्लॉट कार रेसवेवर, म्हणजे खाचेतून धावणाऱ्या छोट्या गाड्यांच्या ट्रॅकवर नेलं. शर्यत ऐन रंगात होती. आठ माणसं कठड्याशी ओळीनं उभी, प्रत्येकाच्या मुठीत चाप असलेला कंट्रोलर, आणि समोरच्या लाकडी ट्रॅकवर वीतभर गाड्या इतक्या वेगानं धावत होत्या की नजर मागे पडत होती. शर्यत संपली तेव्हा मी ट्रॅकच्या खाली वाकलो. "मामा, खाली काय शोधतोयस?" भाच्यानं विचारलं. खाली लाकडी घोड्यांचं जंगल होतं, त्यातून करंगळीएवढ्या जाड तारा गेल्या होत्या, आणि बोल्टांनी आवळलेल्या सांध्यांवर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे होते. हे सगळं कुणीतरी हातानं बांधलं होतं. शर्यतीपेक्षा मला त्या माणसाला भेटायचं होतं.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इंग्लंडच्या मिनिमॉडेल्स कंपनीचे फ्रेड फ्रान्सिस चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी बनवत. त्यांनी त्यात विजेची मोटर बसवली, रस्त्यात खाच पाडली आणि 1957 साली स्कॅलेक्सट्रिक बाजारात आणलं. ते घरच्या जमिनीवर जोडायचं खेळणं होतं. साठच्या दशकात अमेरिकेनं त्याला दुकानात नेलं. मोठमोठे लाकडी ट्रॅक, तासाच्या हिशेबानं भाडं, शाळा सुटल्यावर मुलांची गर्दी. कारखान्यांतून आलेल्या या ट्रॅकना रंगांची आणि राजेशाही थाटाची नावं होती : ब्ल्यू किंग, ऑरेंज मोनार्क, रेड इम्पीरियल. दशक संपेपर्यंत ती लाट ओसरली आणि बहुतेक रेसवे बंद पडले. किंग मात्र टिकला. आठ लेन आणि 155 फुटांचा फेरा असलेला हा ट्रॅक आजही वेगाच्या विक्रमांची कसोटी मानला जातो. सगळ्यात वेगवान गाड्या त्याचा फेरा दीड सेकंदाच्या आत पुरा करतात. म्हणजे वळणांसकट सरासरी ताशी 113 किलोमीटरच्या वर. वीतभर गाडीचा हा खराखुरा वेग आहे, कुठल्याही प्रमाणानं गुणलेला नाही.

या वेगाला गाडीचा चालक पूर्ण जबाबदार नसतो. गाडीला सुकाणू नसतं. तिच्या पुढच्या बाजूला खाली एक पात असते, ती खाचेत उतरते आणि खाच नेईल तिकडे गाडी जाते. चालकाच्या हाती फक्त वेग. वळण कुठे सुरू व्हावं, किती आवळत जावं, कुठे सुटावं हे सगळं खाच पाडणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून मला वाटतं, प्रत्येक शर्यतीत एक नववा माणूस असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

तो नववा माणूस सत्तरीचा निघाला. गावाबाहेरच्या एका शेडमध्ये त्यांचं काम चालतं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट समजली नाही असं चेहऱ्यावर दिसलं की भंगारातला तुकडा उचलून लगेच करून दाखवत. मी गेलो तेव्हा एमडीएफच्या मोठ्या तक्त्यावर पहिली खाच पाडायची तयारी सुरू होती.

पहिल्या खाचेला आधार नसतो. लवचिक प्लास्टिकची एक लांब पट्टी तक्त्यावर वाकवून ठेवायची, बारीक खिळ्यांनी जागोजाग धरायची, आणि तिला टेकवून राउटर, म्हणजे लाकडात खाच कोरणारं यंत्र, फिरवायचा. खाच एक अष्टमांश इंच रुंद, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. पट्टी ठोकण्यात त्यांनी जेवढा वेळ घातला, तेवढा पुढच्या कुठल्याच कामात घातला नाही. गाल तक्त्याला लावून, एक डोळा मिटून ते पट्टीच्या कडेनं बघत. कुठे किंचित पोक दिसला की खिळा उपसत, पट्टीला तिच्या मनाप्रमाणे वाकू देत, मग पुन्हा ठोकत. पट्टी स्वतःहून जे वळण घेते ते सलग असतं, खिळ्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली की वळणात कोपरा येतो, आणि तो कोपरा डोळ्यांना दिसला नाही तरी गाडीला कळतो.

खरी गंमत दुसऱ्या खाचेपासून. तिला पट्टी लागत नाही. राउटरच्या तळाला एक रुंद पाट जोडलेला असतो आणि पात्यापासून बरोबर चार इंचांवर त्या पाटातून दोन पिना खाली आलेल्या असतात. पिना पहिल्या खाचेत बसवायच्या आणि राउटर ढकलत न्यायचा. पिना पहिल्या खाचेतून चालतात आणि पातं चार इंचांवर तिची जुळी खाच पाडत जातं. मग पिना दुसरीत, पातं तिसरीवर. अशा आठ खाचा एकीतून एक निघतात.

दोन पिना का, एक का नाही, असं मी विचारलं. त्यांनी एक पिन काढली आणि राउटर माझ्या हातात दिला. एका पिनेभोवती यंत्र फिरू लागतं. ते जरासं तिरकं झालं की पिन आणि पातं यांमधलं अंतर चार इंचच राहतं, पण दोन खाचांमधलं अंतर कमी होतं. दोन पिना असल्या की यंत्र खाचेला काटकोनात राहतं. मात्र पिना एकमेकींपासून दूर ठेवल्या तर आवळ वळणावर दुसरीच अडचण येते : खाच वाकत जाते, पिनांना जोडणारी रेषा मात्र सरळ, म्हणजे जीवाच राहते, आणि मोजमाप तिथून धरलं जातं. दोन फूट त्रिज्येच्या वळणावर पिना चार इंच दूर असतील तर हा फरक इंचाच्या बाराव्या भागाएवढा होतो. पिना जवळ आणल्या तर तिरकेपणा, दूर नेल्या तर हा फरक. त्यांच्या पाटावर पिनांसाठी भोकांच्या कितीतरी जोड्या होत्या, प्रत्येक वळणासाठी वेगळी. कुठली जोडी कुठे, हे कागदावर लिहिलेलं मला दिसलं नाही.

चूक पुढे जाते, हे या पद्धतीचं दुखणं. पहिल्या खाचेत आलेला पोक दुसरीत उतरतो, दुसरीतला तिसरीत. म्हणून ते काठापासून सुरुवात करत नाहीत. पहिली खाच चौथ्या लेनची. तिथून एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार. काठापासून सुरू केलं असतं तर शेवटची लेन सातव्या पिढीची झाली असती, मधून सुरू केल्यानं ती चौथ्या पिढीची होते. इतका साधा आणि इतका विचारी निर्णय पाहून मला फार आनंद झाला.

हिशेबाची आणखी एक गोष्ट त्यांनी खडूनं जमिनीवर काढून दाखवली. आठ लेनमध्ये सात अंतरं, प्रत्येकी चार इंच, म्हणजे पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये 28 इंच. सपाट ट्रॅक कितीही वेडावाकडा असो, तो स्वतःला न ओलांडता एक फेरा घेत असेल, तर बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा साडेचौदा फुटांहून थोडी जास्त लांब भरते. आकार कुठलाही घ्या, फरक तोच. तो मिटवायचा तर ट्रॅकनं स्वतःला ओलांडून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं जायला हवं, म्हणजे जेवढं डावीकडे वळला तेवढंच उजवीकडे. ट्रॅकवरचा पूल मला आधी नुसती शोभा वाटला होता. तो न्यायासाठी बांधलेला असतो. तरीही कुठलीच लेन दुसरीसारखी होत नाही, आणि म्हणून मोठ्या शर्यतीत प्रत्येक चालकाला आळीपाळीनं आठही लेनवर धावावं लागतं.

किंगचं मोठं वळण बाहेरच्या कडेनं उचललेलं असतं. तेही सपाट तक्त्यातूनच निघतं. भेळवाला सपाट कागद गुंडाळून पुडा करतो, तसा कमानीच्या आकाराचा तक्ता वाकवला की तो शंकूचा तुकडा होतो आणि बाहेरची कड आपोआप वर येते. तीस अंशांचा चढ असलेलं अर्धवर्तुळ हवं असेल तर तक्ता 180 अंशांचा कापायचा नाही, सुमारे 156 अंशांचा कापायचा. खाचा त्यात सपाट असतानाच पाडून घ्यायच्या. मग माणसं बोलावून, शिकंजे लावून, तक्ता कुरकुरत असताना हळूहळू वाकवायचा. इथे घाई केली तर खाचेच्या रेषेतच तडा जातो.

खाचा झाल्या की वेणी. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना कल्हईच्या तांब्याची चपटी वेणी चिकटवतात, त्यातून गाडीला वीज मिळते. आठ लेन, प्रत्येकी दोन वेण्या : किंगला जवळपास साडेसातशे मीटर लागते. ती पृष्ठभागाच्या किंचित खाली बसावी लागते. वर राहिली तर टायर तिच्यावर घसरतात, फार खाली गेली तर गाडीचा ब्रश पोचत नाही. एवढ्या लांबीवर विजेचा दाब घटतो, म्हणून खालून जाड तारांनी प्रत्येक वेणीला जागोजाग जोड दिलेले असतात. ते कमी पडले तर एक वाईट गोष्ट घडते : शेजारची गाडी ट्रॅकबाहेर उडाली की तिच्या वाट्याची वीज तुमच्या गाडीला मिळते, आणि वळणात असलेली तुमची गाडीही उडते. कंट्रोलरला तीन तारा असतात. पांढरी वीज आणते, काळी ट्रॅककडे नेते. लाल तार ब्रेकची. चाप सोडला की मोटरची दोन टोकं तिच्यातून एकमेकांना जोडली जातात, फिरणारी मोटर जनित्र बनते आणि स्वतःलाच अडवते.

आता काळजीची गोष्ट. पिनांचा तो पाट त्यांच्याकडे आहे, पण काम बरंचसं संगणकावर चालणाऱ्या राउटरकडे गेलं आहे. त्यात आठही खाचा थेट आराखड्यातून निघतात, कुणी कुणाची पिढी नसते, आणि चूक वाहत जात नाही. हे यंत्र चांगलं आहे, आणि ते स्वतःही तसंच म्हणतात. पण ते फक्त तक्ता कापतं. दोन तक्त्यांचा सांधा, जिथे मोटारीच्या बॉडीला लावतात ती लांबी भरून, घासून, पुन्हा हातानं खाच मारावी लागते, तो यंत्राला येत नाही. वळण वाकवणं येत नाही, वेणी बसवणं येत नाही. त्यांच्या हाताखाली एक मुलगा शिकत होता. तो स्वयंपाकघराची कपाटं बनवणाऱ्याकडे गेला, तिथे दर आठवड्याला पगार मिळतो. नवा किंग कधीतरीच कुणी मागवतं.

मागवणाऱ्याचंही गणित अवघड आहे. ट्रॅक एकदा बसला की सगळी जागा त्याची, भाडं मात्र दर महिन्याला. एमडीएफला दमट हवा सोसत नाही, ते फुगतं, सांधे वर येतात. चाकांना पकड मिळावी म्हणून ट्रॅकवर चिकट द्रव मारतात, त्याचा थर धूळ धरतो आणि वेणीवर चढतो. तो साफ करायला माणूस हवा. आणि कठड्याशी उभ्या असलेल्या आठांमध्ये मला तरुण एकच दिसला.

म्हणून आजकाल त्यांचं बहुतेक काम हलवण्याचं आहे. एक रेसवे बंद होतो, दुसऱ्या गावात कुणीतरी तो ट्रॅक विकत घेतं, आणि हे करवत घेऊन जातात. जुने ट्रॅक सलग जोडून भरलेले असतात, ते कुठे कापायचे हे ठरवणं हाच सगळा अनुभव. वळणात कापायचं नाही, कारण पुन्हा जुळवताना खाचेला कोपरा येतो. सरळ भागात कापायचं, तेही गाडी ब्रेक लावते त्या जागेच्या बरंच अलीकडे. उचललेलं वळण शक्यतो अखंड न्यायचं. मी निघालो त्या दिवशी ते फोनवर एका नव्या मालकाला दुकानाच्या दाराची रुंदी मोजायला सांगत होते. त्यानं सांगितलेला आकडा वळणापेक्षा आठ इंचांनी कमी होता. फोन ठेवून त्यांनी दुकानाच्या काचेच्या दर्शनी भिंतीची चौकट काढता येईल का, याचं चित्र काढायला घेतलं.