आजोबांची रायफल, नातवाचा क्यूसी!

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला असलेला माझा एक मित्र. दिवसभर कास्टिंग तपासायची, संध्याकाळी बाइकला किक मारून घर गाठायचं. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, ‘‘भावा, रविवारी घरी ये. आजोबांनी पेचात टाकलंय.’’

पेच होता लाकडी कपाटातल्या पॉइंट थ्री वन फाइव्ह स्पोर्टिंग रायफलचा. आजोबा ८४ वर्षांचे. लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर. सत्तरी गाठलेल्या लायसन्सधारकाला आपलं हत्यार वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. आजोबांचा सवाल सरळ होता, ‘‘नावावर घेतोस, का विकू?’’

मग काय, आमच्या क्यूसीवाल्यानं आधी अभ्यास केला. मोबाइल घेताना आपण करतो तसं कम्पॅरिझन!

मोठ्या शिकारीचा फंडा

कोल्हापूरला शिकारीचा नाद जुना. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले शाहू महाराज पट्टीचे शिकारी. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये त्या काळातली हत्यारं आणि पेंढा भरलेली जनावरं आजही दिसतात. दाजीपूरचं जंगल म्हणजे संस्थानाचं राखीव शिकारीचं रान. तिथला राजा गवा. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो! असं धूड अंगावर आलं आणि रायफल अडली, तर दुसरा चान्स नाही. म्हणून मोठ्या शिकारीच्या रायफलीत दिसण्याआधी भरवसा बघतात.

पंजा की धक्का?

इथं बेंचमार्क एकच, जर्मनीची माउझर ९८. डिझाइन १८९८ चं. तिच्या बोल्टवर एक लांब पंजा असतो. मॅगझिनमधून काडतूस वर येताच तो त्याची कड पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाबरून बोल्ट अर्ध्यात मागे ओढला, तरी ते काडतूस पंजातच राहून बाहेर पडतं.

दुसरी पद्धत धक्क्याची. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. बोल्ट अर्ध्यात मागे घेतला की पहिलं काडतूस तिथंच, मागून दुसरं येऊन धडकतं. झाला जाम! रेंजवर चालेल, गव्यासमोर नाही. अर्थात धक्क्याच्या बाजूनंही मुद्दा आहे. ही रचना बनवायला सोपी आणि स्वस्त, शिवाय नेमही उत्तम.

फोर्जिंग, कास्टिंग, कॉस्ट कटिंग

आता मित्राचा लाडका विषय. अमेरिकेची विंचेस्टर मॉडेल ७० आली १९३६ मध्ये, माउझरसारखा पंजा घेऊन. १९६४ मध्ये कंपनीनं खर्च वाचवायला पंजा काढला आणि दस्त्यावरची हातानं कोरलेली जाळी जाऊन तिथं दाबून उठवलेली नक्षी आली. गिऱ्हाईक भडकलं. ‘प्री सिक्स्टी-फोर’ रायफलींना आजही जास्त भाव मिळतो. शेवटी १९९० च्या दशकात कंपनीला पंजा परत आणावा लागला.

म्हणजे कास्टिंग वाईट का? अजिबात नाही. रुगरच्या एम ७७ चा रिसीव्हर इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचा, तरी ती दणकट म्हणून नावाजली. ‘‘प्रोसेस कुठलीही असू दे, तपासणी कडक पाहिजे,’’ इति आमचा मित्र.

आपली थ्री वन फाइव्ह

इंग्रजांच्या काळात लष्करी पॉइंट थ्री नॉट थ्री सामान्यांना मिळत नसे, म्हणून हे वेगळं काडतूस चाललं. आजोबांच्या रायफलीची बोल्टची रचना ली-एनफिल्डची. बोल्ट कमी उचलावा लागतो, त्यामुळे झटपट चालतो. पण लॉक मागच्या बाजूला. माउझरचे लॉक पुढे, काडतुसाजवळ. पॉइंट थ्री सेव्हन फाइव्हसारख्या जोरदार मॅग्नम काडतुसाला तेच बरे. दिसायला साधी, काम चोख.

‘‘आजोबा, गवा मारलात कधी?’’ मी विचारलं.

‘‘एकदा समोर आलेला, बंदी यायच्या आधी. बार काढला नाही.’’

‘‘का?’’

‘‘लई मोठा होता. बघतच बसलो.’’

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. आज गवा मारला तर किमान ३ वर्षं आत! त्यानंतर आजोबांची रायफल उसात डुकरं शिरली की हवेत वाजायची, तेवढीच. आता तेही नाही. उरलं काय? पोलीस व्हेरिफिकेशन, निवडणूक आली की ठाण्यात जमा, आणि कुलपाची काळजी. मित्राची लेक दोन वर्षांची आहे, कपाटापर्यंत हात पोचायला लागलाय.

‘‘मग काय, पास का रिजेक्ट?’’ आजोबांनी विचारलं.

‘‘रायफल पास. पण मला नको.’’

आजोबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘बरं झालं. मला वाटलं, माझं मन राखायला हो म्हणशील.’’

रायफल आता परवानाधारक डीलरकडे जाईल.

जाता जाता : बोल्ट ओढायची हौस असेलच, तर शूटिंग रेंजवर जा! स्वप्नील कुसाळे याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यानं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं. आणि गवा बघायचाय? राधानगरी अभयारण्य आहेच. कॅमेरा न्या, बघत बसा.