द्राक्षाला मानांकन, पानालाही

तंजावरच्या बाहुल्या, वीणा आणि सोन्याचा वर्ख लावलेली चित्रे यांना भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या कुंभकोणमच्या विड्याच्या पानालाही ते मिळाले. कावेरीकाठच्या पानमळ्यांचा हा वेल.

दुसऱ्या एका वेलाचा मान तमिळनाडूच्या पश्चिमेकडे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, थेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात पिकणाऱ्या पन्नीर द्राक्षाला २०२३ मध्ये मानांकन मिळाले. हे गडद जांभळे, बियांचे द्राक्ष. आपल्याकडे नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहार छाटणी, अशा दोन छाटण्या करून साधारण जानेवारी ते एप्रिल एकच पीक हाती येते. कंबमला कडाक्याची थंडी नसते, त्यामुळे वेगवेगळ्या बागांतून जवळजवळ वर्षभर द्राक्षे निघतात. मानांकनाला लागते ते नेमके हेच: मालाचा गुण त्या मातीहवेशी जोडलेला आहे, हे दाखवणे.

कायदा १९९९ चा, नोंदणी कार्यालय चेन्नईत. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येते. पण एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. नोंदणी संघटनेच्या नावावर असते; बागायतदाराला ते नाव रीतसर वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्यालाही हाच नियम. शिवाय मानांकन म्हणजे हमीभाव नव्हे. दुसरीकडचा माल त्या नावाने विकणाऱ्याला कायद्याने अडवता येते, एवढेच.